गिरगावात पागडीची खोली घ्यावी का? अनुभव आणि सल्ला हवा आहे

सई_ठाकुरद्वार

नमस्कार मंडळी,

आम्ही दोघं, सासूबाई आणि चौथीतली मुलगी असे चौघं सध्या डोंबिवलीत भाड्याने राहतो. नोकऱ्या दोघांच्याही फोर्टात. सासूबाईंचं माहेर गिरगावातलं, त्यांच्या मनात परत तिकडे जायचं फार आहे आणि खरं सांगायचं तर आता आमच्याही. ठाकुरद्वारजवळ एका वाडीत दुसऱ्या मजल्यावर डबल रूम मिळते आहे. साधारण सव्वादोनशे चौरस फूट कार्पेट, मोरी घरात, संडास गॅलरीच्या टोकाला सामाईक. इमारत शंभरीच्या आसपासची, उपकरप्राप्त (म्हणजे म्हाडाच्या दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी भाड्याची इमारत), त्यातही ‘अ’ वर्ग, म्हणजे सगळ्यात जुन्यांपैकी. व्यवहार पागडीचा.

सांगितलेली किंमत डोंबिवलीतल्या चांगल्या वन-बीएचकेपेक्षा बरीच जास्त आहे. एजंटचं म्हणणं, “ताई, रिडेव्हलपमेंट होणारच आहे, तुम्ही टॉवरमधला फ्लॅट आजच्या भावात घेताय.” बँकेने कर्जाला सरळ नाही म्हटलं. डोंबिवलीतली सासऱ्यांची जुनी जागा विकून आलेले पैसे आणि आमची बचत, एवढंच भांडवल आहे. त्यामुळे पाऊल जपून टाकायचं आहे.

पागडीत मी नक्की काय विकत घेते? काय तपासायचं? आणि रोजचं राहणं कसं आहे? गिरगाव, खेतवाडी, चिराबाजार भागात राहणाऱ्यांनी मनमोकळं लिहा.

वाडीतला_शेंडेफळ

सईताई, स्वागत. राहण्याबद्दल मी लिहितो, कागदपत्रांचं जाणकार लिहितीलच.

माझा जन्म इथलाच. तुमच्या मुलीच्या वयाची मुलं अजूनही वाडीत खाली खेळतात आणि हाक मारली की तीन मजल्यांवरून लोक डोकावतात. सासूबाई एकट्या घरी असतील तर काळजी नाही, दार उघडंच असतं. आजारपणात हरकिसनदास आणि सैफी दोन्ही हाकेच्या अंतरावर. मासळी चिराबाजारला, भाजी ग्रँट रोडच्या भाजीगल्लीत. संध्याकाळी चौपाटी. साहित्य संघात नाटक असलं की चालत जायचं, चालत यायचं. गुढीपाडव्याची शोभायात्रा बघायला लोक लांबून येतात, आमच्या ती दारातून जाते. १८९३ पासून केशवजी नाईक चाळीत गणपती बसतो आहे, आणि आजही तिथे गेलं की उत्सव घरच्यासारखा वाटतो.

नोकरीचं म्हणाल तर ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो ३ कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली. गिरगाव स्थानकातून बसलात की काळबादेवी, सीएसएमटी आणि तिसरं हुतात्मा चौक. फोर्टवाल्यांना याहून काय हवं?

आता दुसरी बाजू. पाणी ठरलेल्या वेळेलाच येतं, पिंप भरून ठेवावंच लागतं. गाडी असेल तर ती विसरा. विसर्जनाच्या दिवसांत रस्ते बंद, आवाज रात्रभर. आणि सासूबाईंच्या गुडघ्यांचं काय? आमच्या चाळीचे जिने लाकडी, उभे. रात्री दोनदा उठून गॅलरीच्या टोकाला जायचं, पावसाळ्यात तिथे ओल असते. माझ्या आईने सत्तरीनंतर हे फार सोसलं. माहेर म्हणून ओढ आहे हे समजतं, पण त्यांना आत्ता एकदा नेऊन तो जिना चढायला लावा.

उपकर_अ

सई, तुझा पहिला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो. नोकरीची बरीच वर्षं याच कागदांत गेली.

पागडीत तू घर विकत घेत नाहीस. जमीन मालकाची, इमारत मालकाची. तू घेतेस तो भाडेहक्क. त्यावर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू आहे, तो ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याआधी १९४७ चा मुंबईचा कायदा होता आणि त्यात पागडी घेणं गुन्हा होता. व्यवहार तेव्हाही व्हायचे, पण अंधारात. नव्या कायद्याच्या कलम ५६ ने भाडेहक्क सोडताना किंवा हस्तांतरित करताना पैसे घेण्याला मान्यता दिली. म्हणून आज सगळी रक्कम चेकने देता येते. कोणी रोख मागत असेल तर तिथेच उठायचं.

कलम २६ प्रमाणे, करारात तशी मुभा नसेल तर, मालकाच्या संमतीशिवाय भाडेकरू आपला हक्क दुसऱ्याला देऊ शकत नाही. म्हणून रिवाज असा की व्यवहाराच्या साधारण एक तृतीयांश मालक घेतो, उरलेले जुना भाडेकरू घेतो, आणि मालक नव्या माणसाच्या नावाने भाडेपावती करतो. हा एक तृतीयांश कायद्यात कुठेही लिहिलेला नाही, बोलणीने ठरतो. तुला सांगितलेल्या किमतीत मालकाचा हिस्सा धरला आहे की वरून आहे, हे आजच विचार. व्यवहार तिघांचा हवा: मालक, जुना भाडेकरू, तू. त्रिपक्षीय करार मुद्रांक भरून नोंदवून घे. कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारकच आहे. साध्या नोटरीवर भागवू नकोस.

यानंतर विकणाऱ्याचं घर तपास. पावती कोणाच्या नावावर आहे? वारलेल्या वडिलांच्या नावावर असेल तर जरा थांब. कायदा असा की मूळ भाडेकरू वारला तेव्हा त्याच्याबरोबर राहणारा कुटुंबातला माणूस भाडेकरू होतो, तसा कोणी नसेल तर वारस. मृत्युपत्राने भाडेहक्क देता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाचा १९९४ चा तसा निकाल आहे. एक भाऊ बोरिवलीला, एक इथे, बहीण पुण्याला, आणि खोली विकणारा म्हणतो “बाबांनी मला लिहून दिली आहे.” अशा खोल्यांचे दावे धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात वर्षानुवर्षं चालतात. सगळ्यांच्या सह्या घे.

चर्नीरोड_फास्ट

एक वेगळं मत मांडतो. उपकरकाकांनी लिहिलेलं बरोबर आहे, पण एवढं घाबरवू नका. दक्षिण मुंबईत मध्यमवर्गीय मराठी माणसाला शिरायला पागडी हाच एक दरवाजा उरला आहे. विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३(७) मध्ये, म्हणजे उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासाच्या नियमात, कमीत कमी ३०० चौरस फूट कार्पेट मालकी हक्काने मिळतं. सव्वादोनशे दिले, तीनशे मिळाले, तेही लिफ्ट आणि आतल्या संडासासह. माझ्या मेहुण्याला मिळालं. पैसे असतील तर घ्यावं आणि शांत बसावं. राहायला लगेच जायचं नसेल तर कुलूप लावून ठेवावं.

उपकर_अ

>> कुलूप लावून ठेवावं

हे मात्र करू नये. सबळ कारणाशिवाय सलग सहा महिने जागा वापरली नाही, तर भाडे नियंत्रण कायद्याच्याच कलम १६ खाली मालक खोली खाली करून मागू शकतो. पागडी भरलेल्या माणसालाही हे लागू आहे. विजेचं बिल शून्य आलेलं न्यायालयात दाखवतात.

३३(७) बद्दल तुमचं बरोबर, पण अपुरं. तीनशे फूट मिळतात ते पात्र भाडेकरूला. १३ जून १९९६ नंतर नव्याने निर्माण केलेली भाडेदारी त्यात धरत नाहीत. जुनी खोली हस्तांतरित झाली असेल तर प्रश्न नाही, पण एका मोठ्या खोलीत मध्ये पार्टिशन घालून नंतर दोन पावत्या फाडलेल्या असतील तर त्या दोन्ही मिळून एकच धरली जाण्याची शक्यता असते. गिरगावात अशा खोल्या पुष्कळ आहेत. सई, तुझी ‘डबल रूम’ मुळात डबलच होती का, की दीड खण कोणाकडून तरी जोडून घेतलेला आहे? १९९६ च्या आधीची पावती मागून घे, त्यावर खोली क्रमांक बघ. म्हाडाच्या इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडे भाडेकरूंची यादी असते, तिच्याशी तो जुळला पाहिजे.

तुळई

मी स्ट्रक्चरल इंजिनीअर आहे, लोड-बेअरिंग इमारतींचंच काम करते. कागद वकील बघेल, लाकूड तुम्ही बघा.

तुमची इमारत त्या काळातली म्हणजे विटांच्या जाड भिंती, सागवानी खांब आणि तुळया, वर कडीपाट आणि त्यावर कोबा, अशी असणार. साग शंभर वर्षांत संपत नाही, कोरडा असेल तर. तो जातो पाण्याने, आणि पाणी असतं दोन ठिकाणी: मोरीखाली आणि सामाईक संडासाच्या भिंतीत. म्हणून तुमची खोली बघून झाली की खालच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाला विनंती करून त्यांचं छत बघा, बरोबर तुमच्या मोरीच्या खाली. तुळईचं टोक जिथे भिंतीत शिरतं तिथे बोट लावा. लाकूड काळपट, मऊ, दाबल्यावर भुसा सुटतो आहे का? तेल-रंगाचा जाड हात नुकताच दिला असेल तर जास्त लक्ष द्या. किल्लीच्या मुठीने ठोका: धडधाकट सागाचा आवाज टणक येतो, पोखरलेल्याचा बद्द.

गॅलरीत चालताना उतार बाहेरच्या बाजूला जाणवतो का बघा. थोडा उतार पाण्यासाठी मुद्दाम दिलेला असतो, पण कठड्याकडे झोक जात असेल आणि भिंत व फरशी यांच्या सांध्यात बोटभर फट पडली असेल, तर गॅलरी पेलणाऱ्या तुळया थकल्या आहेत. मंडळाच्या दुरुस्तीत लाकडाऐवजी लोखंडी गर्डर टाकलेले असतील तर ते चांगलं की वाईट, हे गंजावर ठरतं. समुद्र अर्ध्या किलोमीटरवर आहे, विसरू नका. तळमजल्यावर बल्ल्यांचे टेकू दिसले तर ते कधीपासून आहेत हे दुकानदाराला विचारा, तो खरं सांगतो.

महापालिका कायद्याच्या कलम ३५३-ब प्रमाणे तीस वर्षांवरच्या इमारतीला स्ट्रक्चरल ऑडिट लागतं. झालं असेल तर अहवालाची प्रत मागा. म्हाडा दर पावसाळ्याआधी अतिधोकादायक उपकरप्राप्त इमारतींची यादी जाहीर करते, त्यात नाव आहे का, मागच्या वर्षांत होतं का, हेही बघा. मात्र यादीत नाही म्हणजे निर्धास्त, असं नाही. २०१७ साली भेंडीबाजारात हुसैनी इमारत पडली, २०१९ ला डोंगरीत केसरबाई, २०२० ला फोर्टात भानुशाली. प्रत्येक वेळी आत माणसं राहत होती. घर निवडताना हे डोळ्यांआड करू नका.

सई_ठाकुरद्वार

तुळईताई, मनापासून आभार. काल संध्याकाळी जाऊन आलो. खालच्या आजींनी आत घेतलं, चहा पाजला. छताला मोरीखाली पत्र्याचं पन्हळ लावून पाणी बादलीत सोडलं आहे. “तुझ्या आधीच्यांनी कधी दुरुस्त केलंच नाही गं,” म्हणाल्या. तिथली तुळई काळी पडली आहे, टोकाला किल्ली रुतते. बाकीच्या तुळया टणक आहेत. सासूबाई जिना चढल्या, हळूहळू, पण चढल्या. वर गेल्यावर गॅलरीत बराच वेळ उभ्या होत्या.

उपकरकाका, पावती विकणाऱ्यांच्या आईच्या नावावर आहे, त्या हयात आहेत. खोली क्रमांक विचारायचा राहिला.

संक्रमण

सईताई, तुम्ही “रिडेव्हलपमेंट होणारच आहे” हे वाक्य लिहिलं आहे, म्हणून लिहितो.

आमची चाळ खेतवाडीच्या बाजूला होती. विकासकाने सगळ्यांच्या संमती घेतल्या, पहिली दोन वर्षं पर्यायी जागेचं भाडं वेळेवर दिलं. चाळ पाडली. मग भाडं उशिरा येऊ लागलं, मग बंद. प्लॉटवर पत्रे उभे आहेत, आत पाणी साचतं. आम्ही मीरा रोडला स्वतःच्या खिशातून भाडं भरतो आहोत. माझे वडील नव्या घराची वाट बघत गेले. आईला अजून वाटतं की पुढच्या गणपतीला जाऊ.

करारात भाड्याची बँक हमी नव्हती, प्रकल्प रखडला तर काय याचं कलम गुळमुळीत होतं. आमच्यातल्या कोणी वाचलं नाही असं नाही, वाचलं होतं, पण “सगळे सही करतायत” यापुढे कोणाचं चाललं नाही. आता ५१ टक्के भाडेकरूंच्या संमतीने प्रस्ताव पुढे जातो, म्हणजे तुमची सही नसली तरी तुम्ही त्यात असता. तेव्हा तुमच्या वाडीत विकासकाशी बोलणी चालू असतील तर त्याचे आधीचे पूर्ण झालेले प्रकल्प डोळ्यांनी बघून या आणि तिथल्या भाडेकरूंशी बोला. बोलणी चालू नसतील तर एजंट ज्याचे पैसे मागतोय ती गोष्ट अजून अस्तित्वातच नाही.

चर्नीरोड_फास्ट

वाचून वाईट वाटलं. आईंना नमस्कार सांगा. माझं मत मी मेहुण्याच्या अनुभवावरून दिलं होतं, त्यांचा विकासक बरा निघाला. पण मालक काहीच करत नसेल तर आता म्हाडा पुढे येते ना? म्हाडा कायद्यात कलम ७९-अ आलं आहे.

उपकर_अ

७९-अ चा क्रम असा: इमारत धोकादायक ठरली की मालकाला पुनर्विकासाचा प्रस्ताव द्यायला सहा महिने. त्याने दिला नाही तर भाडेकरूंच्या नियोजित सोसायटीला सहा महिने. त्यांनाही जमलं नाही तर म्हाडा संपादन करून स्वतः करणार. कागदावर उत्तम. पण नोटिसांवरून मालक उच्च न्यायालयात गेले आहेत, त्यामुळे ७९-अ च्या भरवशावर किंमत वाढवून देऊ नये.

त्याहून जुना वादही मुंबईच्या उपकरप्राप्त इमारतींचाच. म्हाडा कायद्याच्या प्रकरण आठ-अ मध्ये ७० टक्के रहिवाशांनी मागणी केली तर मासिक भाड्याच्या शंभर पट मोबदला देऊन इमारत संपादन करण्याची तरतूद होती. मालक न्यायालयात गेले, आणि त्यातून निघालेला मोठा घटनात्मक प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ५ नोव्हेंबर २०२४ ला निकाली काढला: प्रत्येक खाजगी मालमत्ता ही समाजाचं भौतिक साधन ठरत नाही. तीस वर्षांहून जास्त काळ लोटला, त्यात किती भाडेकरू आणि किती मालक गेले असतील. या शहरात चाळीच्या जमिनीचा हिशोब असा लांबतो.

म्हणून सई, दोन आकडे वेगळे लिही. एक, या खोलीत आज आहे तशी पंधरा वर्षं राहण्याचे तू किती देशील. दुसरा, टॉवरच्या आशेचे एजंट किती मागतो. मी तुझ्या जागी असतो तर पहिलाच दिला असता. दुसरा देण्यासारखा तेव्हाच, जेव्हा नोंदणीकृत विकास करार, म्हाडाचं ना-हरकत आणि तुझ्या खोली क्रमांकासमोर क्षेत्रफळ लिहिलेलं दिसेल.

दादरकर_नीला

जरा बाजूला जाऊन सुचवते. जुन्या वस्तीतच राहायचं असेल तर दादर-माटुंगा बघितलंत का? १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, त्यांनी रुंद रस्ते आणि झाडं ठेवून हा भाग वसवला. हिंदू कॉलनीत तीन मजली सोसायट्या आहेत, घरं मालकीची, कर्ज मिळतं. बरेच भूखंड भाडेपट्ट्याचे आहेत, तेव्हा पट्ट्याची मुदत आणि नूतनीकरण तपासावं लागेल. पैसे जास्त पडतील, आणि गिरगावची वाडी तिथे मिळणार नाही हेही खरं.

वाडीतला_शेंडेफळ

नीलाताई, तेच तर. वाडी मिळणार नाही.

पण टॉवर झाल्यावरही ती मिळत नाही, हे कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आमच्या मागच्या चाळीच्या जागी टॉवर झाला. जुने भाडेकरू मागच्या पुनर्वसनाच्या इमारतीत, विक्रीचे फ्लॅट पुढे, लिफ्ट वेगळी. घरं स्वच्छ, आत संडास, म्हाताऱ्यांची सोय झाली, याचा मला मनापासून आनंद आहे. पण लिफ्ट, पंप, सुरक्षारक्षक यांचा महिन्याचा खर्च पेन्शनवरच्या माणसाला झेपत नाही. कॉर्पस फंडाच्या, म्हणजे विकासकाने देखभालीसाठी दिलेल्या एकरकमी निधीच्या, व्याजात भागेल असं सांगितलं होतं, भागलं नाही. वीसेक बिऱ्हाडांतली निम्मी विकून विरारच्या दिशेने गेली. सईताई, विकास करार कधी समोर आला तर कॉर्पसची रक्कम आणि देखभाल खर्चाची मुदत यावर भांडा. तिथेच माणसं टिकतात किंवा जातात.

वेरांडा_खोताची

मी खोताचीवाडीतली, ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतली मूळची ख्रिस्ती. आमच्याकडे प्रश्न निराळा आहे. घरं कुटुंबांच्या मालकीची, पुढे वेरांडा, बाहेरून जिना. एक घर पाडून उंच इमारत आली की शेजारच्या घराचा उजेड आणि वारा जातो, मग तेही विकतात. भाडेकरू, मालक, हेरिटेजवाले सगळे वेगवेगळे भांडतो आणि बाजूची गल्ली बदलून जाते. नवीन माणसं राहायला येणार असतील, खरोखर राहायला, तर आम्हाला फार हवी आहेत. सईताई, तुम्ही या.

सई_ठाकुरद्वार

सगळ्यांचे उपकार आहेत. तीन रात्री घरात हाच विषय होता.

ठरलं ते असं. उपकरकाकांनी सांगितलेला पहिला आकडा आम्ही काढला, तो मागणीच्या दोन तृतीयांशाच्या जवळ येतो, मालकाचा हिस्सा धरून. तेवढाच देणार, सगळा चेकने. विकणाऱ्यांच्या आई आणि तिन्ही मुलांच्या सह्या, मालकासह त्रिपक्षीय नोंदणीकृत करार. मोरीखालची तुळई आम्ही आमच्या खर्चाने बदलून घेऊ, पण मालकाची लेखी परवानगी आधी आणि तेवढी रक्कम किमतीतून वजा. सासूबाईंसाठी आतच छोटा संडास काढता येतो का, ड्रेनेजची लाइन कुठून जाते, हे बघायला तुळईताईंनी माहितीतला माणूस सुचवला आहे.

एजंट म्हणाला या भावात मिळणार नाही. विकणाऱ्या आजींना सासूबाईंनी स्वतः फोन केला, दोघी एकाच शाळेतल्या निघाल्या. त्या मुलांशी बोलते म्हणाल्या. नाही जमलं तर खेतवाडीत दुसरी एक खोली बघून ठेवली आहे, संडास आत आहे, पण तिसरा मजला.

उपकर_अ

चांगलं केलंस. आजींची सही त्यांच्या समोर बसून, उपनिबंधकांच्या कार्यालयातच होऊ दे, कुलमुखत्यारपत्रावर नको. आणि नवी पावती करताना मालकाचा माणूस “नवीन नंबर देतो” म्हणाला तर हो म्हणू नकोस. खोली क्रमांक जुनाच राहिला पाहिजे, १९९६ च्या आधीच्या पावतीवर आहे तोच.